खिडकीतली बरणी

एका तालुक्याच्या गावी नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. त्यामुळे घरोघरी ड्रम, रांजण, पिंपं, रंगाचे रिकामे डबेसुद्धा भरून ठेवलेले. पावसाळा सरता सरता तिथल्या एका गल्लीत तापाची साथ आली. घराघरांत अंथरुणं पडली. एका मुलीच्या पेशी इतक्या उतरल्या की तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं.

"ही गटाराची घाण," सगळी गल्ली म्हणाली. अण्णा मास्तरांनी नगरपालिकेत अर्ज दिला. गटार उपसलं गेलं, धुराची गाडी फिरली. दोन दिवस बरे गेले, मग भरदुपारी डास पुन्हा चावू लागले. धूर मारू नये असं नाही. पण तो उडणारा डास मारतो, पाण्यातली अळी त्याला सापडत नाही.

मग आशाताई घरोघर फिरल्या. गल्लीतल्या एका काकूंचं घर सगळ्यांत लख्ख. न्हाणीतल्या ड्रमवर ताईंनी मोबाइलची बॅटरी धरली, तर पाण्यात बारीक किडे वळवळत होते.

"किडे होतातच गं. पाणी नळाचं आहे, स्वच्छ," काकू म्हणाल्या.

ताईंनी वाद घातला नाही. त्यातलं थोडं पाणी काचेच्या बरणीत घेतलं, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी काकूंच्याच खिडकीत ठेवली. पोरं येता-जाता डोकावू लागली. काही दिवसांतच फडक्याखाली डास भिरभिरू लागले. काळे, पायांवर पांढरे पट्टे असलेले.

"डेंग्यू पसरवणारा डास तो हाच," ताई म्हणाल्या. "याला गटार लागत नाही, साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. हा दिवसा चावतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरे होतात. आणि रोग्याला चावला की तोच रोग दुसऱ्या घरी नेतो, म्हणून तापाच्या माणसाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा."

काकूंचा चेहरा उतरला. "पण ताई, आठ दिवसांनी येणारं पाणी ओतून देऊ? मग वापरायचं काय?"

प्रश्न खरा होता. टंचाईच्या गावात पाणी फेकायला सांगितलं तर कोण ऐकेल, आणि का ऐकावं?

उत्तर शेजारच्या आजींनी दिलं. "फेकायचं कशाला? नळाच्या आदल्या दिवशी ड्रम तळाला गेलेलाच असतो. उरलंसुरलं पपईच्या बुंध्याशी ओत, मातीत जिरलं की किडे मरतात. ड्रम काथ्यानं घास, उन्हात पालथा घाल. भरला की जुन्या धोतराचा तुकडा वर घट्ट बांध."

दर आठवड्याला गल्लीत हे सुरू झालं. अण्णांनी मात्र ड्रम नुसता विसळून भरला, आणि त्यात पुन्हा अळ्या दिसल्या. ताईंनी त्यांना पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेले काळे कण दाखवले. ती अंडी होती. कोरड्या ड्रमला ती महिनोन्महिने चिकटून राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. ती घासूनच काढावी लागतात. दुसऱ्या दिवशी अण्णा बाह्या सरसावून स्वतः घासायला बसले.

तरीही दोन घरांत नवा ताप आला. गल्लीच्या टोकाला एक बंद घर होतं, मालक पुण्याला. त्याच्या गच्चीवरची टाकी झाकणाविना उघडी पडलेली. आजवर सगळे म्हणत आले होते, "दुसऱ्याच्या घरात आपण कसं शिरायचं?" आता अण्णांनीच मालकाला फोन लावला, किल्ली मागवली आणि पोरांना घेऊन टाकी घासून झाकली. त्यानंतर हळूहळू साथ ओसरली.

वाचकहो, आज फ्रिजमागचा ट्रे ओढून बघा. कुंडीखालची बशी, गच्चीवरचं टायर, ताडपत्रीच्या घडीत साचलेलं पाणी बघा. आठवड्यातला एक वार ठरवून सगळी भांडी घासून कोरडी करा. आणि शेजारचं घर बंद असेल तर त्याच्या मालकाला आजच फोन लावा.