सखूची दोरी



कऱ्हाडच्या सखूबाईचे आख्यान आपण सर्वांनी ऐकले आहे. पंढरीला निघाली म्हणून घरच्यांनी तिला मारीत ओढीत परत आणली आणि खांबाला बांधून उपाशी ठेवली. येथवर आले की सगळा मंडप रडतो. बायाबापड्या रडतात, पुरुषही रडतात. आणि त्यांतलाच एखादा घरी जाऊन, भाकरी करपली म्हणून कारभारणीच्या पाठीत लाथ घालतो. गळ्यात माळ, आणि हे करणे!

बहिणाबाईंचे तर आख्यानही नव्हे, स्वतःच्या अभंगांत त्यांनी सांगितलेले वृत्त आहे. जन्म १६२८, देवगावचा. समाधी १७००, शिऊरला. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला जात, त्यावरून नवऱ्याने मारले, बांधून टाकले. नवरा वेदपाठी हो! आम्ही पाठशाळेत घोकले की भर्ता हा शब्द ‘भृ’ धातूचा, भरणपोषण करणारा तो भर्ता. धातू पाठ असला म्हणून हात आवरतोच असे नाही.

आता माझे सांगतो. पुष्कळ वर्षे झाली. एका गावी काल्याच्या कीर्तनानंतर एक बाई पाया पडली. मनगट सुजलेले. म्हणाली, “महाराज, रोजचं झालंय. काय करू?” मी म्हणालो, “बाई, सखूने सोसले, तूही सोस. नाम घे.” पुढच्या आषाढीला दिंडी त्याच गावी उतरली. ती दिसली नाही. विचारले तर म्हणाले, नवऱ्याने माळ तोडून चुलीत घातली, आता ती उंबऱ्याबाहेर येत नाही.

त्या रात्री कळले, मी आख्यान अर्धेच सांगत होतो. पांडुरंगाने सखूला सोसायला कुठे सांगितले? तो बाईच्या वेषाने आला, तिची दोरी सोडली, आणि स्वतः खांबाला उभा राहिला!

“त्यांच्या घरचा मामला” म्हणून आपण कान झाकतो. पण २००५ साली कायदा झाला, २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. नुसता मार नव्हे, शिवीगाळ, पैशाची अडवणूक हीदेखील त्यात हिंसाच. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी कोर्टाच्या हुकुमाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. आणि कोणीही, अगदी शेजाऱ्यानेही, संरक्षण अधिकाऱ्याला कळवावे. खऱ्या मनाने कळवणाऱ्यावर बालंट येत नाही. फोनवर १८१ फिरवावा. जीवावर बेतले असेल तर ११२.

हल्ली सखूची दोरी सुटली की मी मृदंग थांबवतो आणि हे दोन आकडे मंडपाकडून म्हणवून घेतो. काही मंडळी नाराज होतात, होऊ देत.

मागे एका सप्ताहात रात्रीच्या पहाऱ्याला विणेकरी उभा होता. पलीकडच्या घरातून बाईचा ओरडा आला. वीणा खाली ठेवता येत नाही, हे तुम्ही जाणताच. त्याने ती शेजारच्या टाळकऱ्याच्या गळ्यात घातली, अनवाणीच गेला आणि त्या घराची कडी वाजवू लागला. मी उठून त्याच्या मागे गेलो. मग आणखी चौघे आले.