कसे गेले नको, कसे जगले ते विचारूया

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या मोबाईलवर महिन्यातून एखादा तरी निरोप येतोच : अमुक यांचं दुःखद निधन, रक्षाविसर्जन परवा सकाळी. आपण ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितो. जमलं तर निपाणी, संकेश्वर, खानापूर, जिथं असेल तिथं भेटून येतो. चटईवर बसलो की पहिला प्रश्न ठरलेला : “कसं काय झालं हो?”

मग त्या घरची माऊली सांगू लागते. रात्री छातीत दुखलं, गाडी मिळेना, बेळगावला नेईपर्यंत सगळं संपलं. एक जण उठतो, दुसरा येऊन बसतो, पुन्हा तेच. बारा दिवसांत ती बाई ती एकच रात्र पन्नास वेळा जगते. चाळीस वर्षांचा संसार बाजूला राहतो. आणि बारावं झालं की आपणच सांगतो, “आता विसरा. आत्मा अमर आहे. रडलं की त्यांना गती मिळत नाही.”

म्हणजे गेलेल्या माणसाला आठवत राहणं हा मोह आहे का?

प्रत्यक्ष भगवंतांकडून गीता ऐकलेला अर्जुन युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडल्यावर रडलाच की. ज्ञान झालं म्हणून बापाच्या डोळ्यांतलं पाणी आटलं नाही. आणि सुभद्रेचं सांत्वन करताना श्रीकृष्णांनी तिला तिच्या लेकाचा पराक्रमही सांगितला.

आपल्या वारकरी परंपरेतलं उदाहरण त्याहून जवळचं आहे. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वर माऊलींनी समाधी घेतली, तेव्हा त्यांचं वय अवघं एकवीस. नामदेव महाराज त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं जगले. त्यांच्या नावे माऊलींच्या चरित्राची अभंगांची तीन प्रकरणं आहेत : आदि, तीर्थावळी आणि समाधी. पहिल्यात घराण्याची आणि जन्माची कथा, दुसऱ्यात दोघांनी मिळून केलेली तीर्थयात्रा, आणि तिसऱ्यात निरोप. बघा, तीनांपैकी जाण्याचं प्रकरण एकच! तिथं शोक लपवलेला नाही, पण कथा तेवढीच ठेवलेली नाही. आजही कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत नामदेवरायांचे वंशज नामदास महाराज समाधी सोहळ्याचं कीर्तन करतात. सातशे वर्षं झाली, ही आठवण मोह ठरली नाही.

हीच गोष्ट अलीकडं मानसशास्त्रानंही ओळखली. ऑस्ट्रेलियातले मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी ‘नॅरेटिव्ह थेरपी’, म्हणजे माणसाच्या कथनातून त्याला आधार देण्याची पद्धत मांडली. दोघांचं पुस्तक १९९० साली आलं. त्या काळी दुःखी माणसाला ‘निरोप घ्या आणि पुढं चला’ असंच सांगत. व्हाइट यांनी १९८८ च्या एका लेखात वेगळं मांडलं : निरोप घेऊन घेऊन थकलेल्या माणसाला, गेलेल्याला पुन्हा ‘या, बसा’ म्हणायला मदत करावी. ते विचारत, त्यांच्या नजरेनं आज तुम्ही स्वतःकडं बघितलंत, तर काय दिसेल?

मोह म्हणजे तो माणूस परत यावा हा हट्ट. आठवण म्हणजे त्यानं दिलेली ठेव. हट्ट सोडायचा, ठेव सांभाळायची. पितृऋण मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हे अवघड वाटू नये.

आपल्या सीमाभागात आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कित्येक घरांत सुनेचं माहेर कन्नड असतं. तिचा बाप गेला, तर तिचं दुःख कन्नडमध्येच बाहेर येणार. तिला मराठीत सांगायला लावू नका. कळेल तेवढं कळू दे, जवळ बसा. दुसरी गोष्ट जवानांच्या घरांची. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळं अशी घरं आपल्या गावोगावी आहेत. जवान शहीद झाला की आपण ‘वीरपत्नी’ म्हणून त्या ताईचा सत्कार करतो. तो मान हवाच. पण तिचा नवरा सुट्टीवर आला की लेकरांना खांद्यावर घेऊन जत्रेला जायचा, हेही तिला कुणाला तरी सांगायचं असतं. शाल दिल्यावर पाच मिनिटं ते ऐकायला बसूया.

*पुढच्या वेळी भेटायला जाताना एवढं करूया :*

१. “कसं झालं?” आधी विचारू नका. त्यांनी आपणहून सांगितलं तर शांतपणे ऐका.

२. “त्यांना काय आवडायचं? त्यांच्याकडून तुम्ही काय शिकलात?” असं विचारा.

३. तुमच्याजवळची त्यांची एखादी आठवण सांगा. घरच्यांना ती ठाऊक नसेल, तर तीच मोठी भेट.

४. बोलायचं नसेल त्याला बोलतं करू नका. उपदेश टाळा.

५. महिन्यानंतर पुन्हा जा. तेव्हा घर रिकामं असतं.

आणि एक कळकळीचं सांगणं. कुणी जेवणखाण सोडलं असेल, जगायचं नाही असं बोलत असेल, तर नामस्मरणाबरोबर डॉक्टरही हवेत. त्यात श्रद्धा कमी पडली असं काही नसतं. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

या गुरुवारी आरतीनंतर मोबाईल बाजूला ठेवून घरातल्या एका गेलेल्या माणसाची, त्याच्या जगण्याची, एक गोष्ट मुलांना सांगूया. आजीचा फोटो भिंतीवर आहे, पण ती हसायची कशी, हे नातवंडांना आपल्याशिवाय कोण सांगणार?

जय गुरुदेव 🙏