डावाबाहेरची

अक्कलकोटहून कर्नाटकाकडे निघालं की भाषा कितीतरी आधीपासून कानडीत विरघळू लागते. कायदा मात्र सीमेवरच्या एका दगडापाशी एकदम बदलतो. अलीकडे 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा, पलीकडे 1963 चा कर्नाटक पोलीस कायदा. अलीकडचा तरी आमचा कुठे होता? 1948 मध्ये अक्कलकोट संस्थान विलीन होईपर्यंत तो ब्रिटिश मुलखाचा होता. राज्यं आली, गेली. आकड्याची ओढ तेवढी सगळ्यांना पुरून उरली.

मटक्याची चिठ्ठी तळहातात मावते. दोन, पाच, नऊ निघाले की बेरीज सोळा, म्हणून ओपन, म्हणजे पहिला आकडा, सहा. क्लोज, म्हणजे दुसरा, यायचा असतो आणि तोवर माणूस उद्याच्या उंबरठ्यावर ताटकळतो. कधीकाळी हा आकडा न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या दरांवरून ठरे. ते दर बंद झाले, तेव्हा मडकं आलं, मग पत्ते आले. साधन बदललं, तहान तीच.

या तहानेपुढे राजसत्ता सदैव द्विधा राहिली आहे. मनूने द्यूत राज्यातून हद्दपार करायला सांगितलं; कौटिल्याने त्यावर अध्यक्ष नेमून जिंकलेल्या धनातले शेकडा 5 राजकोशात वळवले. आपल्या राज्याने दोघांचंही ऐकलं, जुगारबंदी कायम ठेवून 1969 मध्ये स्वतःची लॉटरी काढली. पुढे कायद्याची दृष्टी अड्ड्यावरून टोळीकडे वळली. अमेरिकेच्या 1970 च्या रिको कायद्याने दहा वर्षांतल्या गुन्ह्यांची साखळी पाहायला आरंभ केला. 1999 च्या आपल्या मोक्कानेही मागच्या दहा वर्षांतली आरोपपत्रं मोजली. एकटा हात आणि संघटित हात यांतला भेद ओळखणं ही मोठीच प्रज्ञा, हे मी मनापासून मानतो.

तरीही माझं मन कुरुसभेतल्या द्यूतापाशीच अडतं. स्वतःला आधी हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता का, असं द्रौपदीने विचारलं. आणि भीष्मांसारख्या धर्मज्ञालाही निर्णय देता आला नाही. डाव तिचा नव्हता, फासे तिच्या हाती नव्हते, हार मात्र तिच्या वाट्याला आली.

छाप्याच्या पंचनाम्यात रोकड असते, चिठ्ठ्या असतात, पेन आणि मोबाइलही असतो. सावकाराकडे गहाण पडलेलं मंगळसूत्र त्या यादीत नसतं, कारण ते अड्ड्यावर सापडत नाही. कायदा पुन्हा लिहायचा झालाच, तर ते जिचं आहे तिला आधी बोलावून तिचं म्हणणं नोंदवून घ्यावं, मग अड्डा, टोळी आणि महसूल यांचा विचार करावा, असं मला वाटतं.