श्रद्धेवर टाकलेला भार

आरोग्य विम्याच्या करारात, मागच्या पानांवर, बारीक अक्षरांत जन्मजात व्यंगांची एक विभागणी असते. शरीराच्या दिसणाऱ्या, हात पोहोचेल अशा भागातलं व्यंग ते बाह्य. तसं नसलेलं ते अंतर्गत. ही व्याख्या कंपनीगणिक बदलत नाही. विमा नियामक प्राधिकरणानेच ती ठरवून दिली आहे. अंतर्गत जन्मजात आजार करारातून वगळायला प्राधिकरणाने २०१९ साली मनाई केली. बाह्य व्यंग मात्र अनेक करारांत अजून वगळलेलं असतं. एखाद्या मुलाच्या उपचाराचे पैसे मिळणार की नाही, हे त्याचं दुखणं बाहेरून दिसतं का, यावर येऊन ठरतं.

आता खुब्याचा सांधा घ्या. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या वाटीत बसलेलं असतं. काही बाळांची ही वाटी उथळ राहते, डोकं नीट बसत नाही, कधी पुरतं बाहेर सरकतं. बाळाला दुखत नाही, म्हणून ते रडून सांगत नाही. मांड्या हलक्या हाताने फाकवल्या की निखळलेला सांधा जागेवर जाताना डॉक्टरच्या बोटांना जाणवतो, हे ओर्तोलानी या इटालियन बालरोगतज्ज्ञाने १९३७ साली मांडलं आणि आजही नवजात बाळाला तसंच तपासतात. पहिले काही महिने ते डोकं कूर्चेचं असतं, एक्स-रेत उमटत नाही. तेव्हा सोनोग्राफी लागते. सहा महिन्यांच्या आत कळलं तर बहुतेक बाळांचं काम पट्ट्यांच्या एका साध्या साजाने भागतं. पाव्हलिक या चेक डॉक्टरने तो शोधला. मूल चालायला लागल्यावर कळलं, तर शस्त्रक्रिया. आणि तोवर बाहेर दिसते ती फक्त चाल. माझ्या भाच्याच्या मुलीची चाल सगळ्यांनी पाहिली होती, सांधा कुणीच पाहिला नव्हता. विमा कंपनीने तिचं व्यंग बाह्य ठरवलं.

मुलगी पायाळू. पोटात डोकं वर, पाय खाली, असं अडलेलं बाळ. सिझेरियन करून काढलेलं. आपल्याकडे पायाळू माणसाचं कौतुक असतं. त्याला गुप्तधन दिसतं म्हणतात, विजेपासून त्याला जपतात, आणि पाठीत उसण भरली की पायाळूची लाथ मागतात. भाच्याच्या मिरजेच्या वाड्यात शेजारच्या बायका या तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन तिचे पाय आपल्या कमरेला लावून घेत. त्या पायांत काही विशेष आहे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. वैद्यकालाही तेच म्हणायचं आहे, निराळ्या कारणाने: पायाळू बाळ, त्यातून मुलगी, त्यातून पहिलटकरणीची, तर खुबा निखळलेला असण्याची शक्यता वाढते, बाळ सहा आठवड्यांचं झालं की खुब्याची सोनोग्राफी करून घ्यावी. त्या पायांकडे सगळ्यांचं लक्ष होतं. सोनोग्राफी कुणी सांगितली नाही. प्रसूती झाली त्या रुग्णालयानेही नाही.

इथे परंपरेला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण ते पुरतं खरं नाही. बाळाला तेल लावून, पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची पद्धत खुब्याला वाईट. त्याच घरात मूल कडेवर घेतात, पाय दोन्ही बाजूंना फाकलेले, गुडघे वर. ते खुब्याला उत्तम. दोन्ही गोष्टी आजीनेच शिकवलेल्या. जपानमध्ये १९७० च्या दशकात बाळाचे पाय ताणून गुंडाळू नका, असं देशभर सांगितलं गेलं आणि निखळलेल्या खुब्यांचं प्रमाण झपाट्याने उतरलं. तिथल्या आज्यांची श्रद्धा कुणी मोडायला गेलं नव्हतं. त्यांना माहिती दिली गेली, त्यांनी ती घेतली.

मुलगी चौदाव्या महिन्यात चालू लागली आणि माझ्या वहिनीने, म्हणजे तिच्या आजीने, पहिल्यांदा म्हटलं, ‘‘ही डावा पाय टाकताना झुकते.’’ वय वाढलं की सुधारेल, असं दोन ठिकाणी सांगण्यात आलं. वहिनीने हट्ट सोडला नाही. एक्स-रे निघाला तोवर पोर दीड वर्षाची झालेली. पुण्यात शस्त्रक्रिया करायची ठरली: सांधा उघडून डोकं वाटीत बसवायचं, वर कमरेचं हाड कापून वाटीचं छप्पर पुढे ओढायचं. सॉल्टर या कॅनडातल्या शल्यविशारदाची ही पद्धत साठ वर्षांहून जुनी आहे. मग छातीपासून पायापर्यंत प्लास्टर.

घरात तेव्हा श्रद्धा एक नव्हती. वहिनी माळकरी, कार्तिकीला पंढरपूर न चुकवणाऱ्या. त्यांनी नवस बोलायला साफ नकार दिला. तुकोबांनी नवससायासाला विरोध केला होता, ही त्यांच्यासाठी पुस्तकातली गोष्ट नव्हे, घरातला नियम आहे. मुलीच्या आईची आई कोल्हापूरकडची. तिने ज्योतिबाला बोलून टाकलं की पोरीला तिच्या पायांनी डोंगर चढवून आणीन. दोन विहिणींत यावरून अबोला झाला असता, पण झाला नाही. वहिनी एवढंच म्हणाल्या, ‘‘तुमचा देव वेगळं ऐकतो, माझा वेगळं. पोर एकच आहे.’’ मुलीच्या आईचा देवावर फारसा भर नव्हता. तिचा भरवसा शल्यविशारदांवर होता, कारण त्यांनी तिला खोटा दिलासा दिला नव्हता. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा बिघडू शकतो, पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, हे त्यांनी एक्स-रे समोर धरून समजावलं होतं. आणि माझ्या भाच्याची श्रद्धा होती करारावर. मुलगी जन्मली त्या दिवसापासून तिचं नाव पॉलिसीत होतं. ‘‘आत्या, पैशाची काळजी करू नका,’’ असं तो फोनवर मला सांगत होता.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी रुग्णालयाच्या विमा खिडकीवर त्याला कळलं की कॅशलेस नाकारलं आहे. कारण एका ओळीचं: बाह्य जन्मजात व्यंग. त्याआधी दोन वेळा कागद मागवले होते, जन्माची टिपणं, लसीकरणाचं कार्ड, जुने एक्स-रे. ते त्याने रात्री मिरजेहून मागवून दिले होते. मे २०२४ च्या परिपत्रकात नियामकाने कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायला सांगितलं आहे. कंपनीच्या आढावा समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळू नये, असंही त्यात आहे. खिडकीवरच्या मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्यासमोर एक पडदा होता आणि त्यावर नकार आला होता.

त्या रात्री मी तिथे होते. पोर दुसऱ्या दिवशीच्या भुलीसाठी पहाटेपासून उपाशी राहणार होती, आणि तिला झोपवायचं सोडून आईबाप कॉरिडॉरमध्ये मोबाइलवर पैशांची जुळवाजुळव करत होते. भविष्य निर्वाह निधीतून उचल यायला दिवस लागणार. पतसंस्थेचे ओळखीचे संचालक फोन उचलेनात. शेवटी वहिनींच्या पाटल्या आणि दोन मित्रांकडचे उसने, यावर अनामत रक्कम भरली गेली. शल्यविशारदांनी सकाळी येऊन पहिली गोष्ट विचारली, आई रात्री झोपली का. नव्हती झोपली.

मला जे म्हणायचं आहे ते या रात्रीबद्दल आहे. आजारपणात दोन प्रकारच्या अनिश्चितता असतात. हाड जुळेल का, त्याच्या डोक्याला रक्त पोहोचेल का, मुलगी पळेल का, हे शल्यविशारदांच्याही पूर्ण हातात नाही. तिथे माणूस विठ्ठलाला हाक मारो, ज्योतिबाला बोलो, की नुसता मुलीचा हात धरून बसो, त्याला त्याची ताकद तिथे लागते आणि ती त्याने तिथेच वापरावी. दुसरी अनिश्चितता माणसाने माणसाला दिलेल्या शब्दाची. हप्ते घेऊन, सही करून, शिक्का मारून दिलेल्या शब्दाची. ती अनिश्चितता असायलाच नको. ती जेव्हा आदल्या दुपारी समोर येते, तेव्हा पहिल्या अनिश्चिततेसाठी घराने साठवलेलं बळ ती खाऊन टाकते. त्या रात्री त्या आईला प्रार्थना करायची होती की नव्हती, मला माहीत नाही. तिला त्यासाठी वेळच मिळाला नाही.

पुढे सगळं पार पडलं की आपण म्हणतो, काय धीराची माणसं, केवढी श्रद्धा. मीही वहिनींबद्दल असं ऐकलं. बोलणारे मनापासून बोलत होते. पण या कौतुकाने हिशेब भलत्या ठिकाणी मिटतो. श्रद्धेने तग धरला म्हणून नकार चुकीचा होता की बरोबर, हा प्रश्नच उरत नाही. महाराष्ट्रात श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांतली रेघ कुठे ओढायची, यावर आपण खूप वाद घातला आणि तो घालायलाच हवा होता, डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्यासाठी जीव द्यावा लागला. एक प्रश्न मात्र त्या वादाच्या बाहेर राहून गेला: माणसांच्या श्रद्धेचा फायदा फक्त बुवाच उठवतात का? घरातली माणसं कसंही करून निभावतील, या खात्रीवर किती संस्था आपलं काम अर्धं सोडतात?

याच्या उलटं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचारांसाठी त्यांनी दारं ठोठावली, आणि जे आपल्या मुलीला मिळायला इतकं कठीण गेलं ते इतरांच्या मुलांना सहज मिळावं म्हणून १९४७ साली मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी केली. हाजी अलीचं मुलांचं अस्थिरुग्णालय त्यातून आलं. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका आईच्या भरवशाचं इथे संस्थेत रूपांतर झालं. पुढच्या आईला तेवढंच बळ पुन्हा पहिल्यापासून लावावं लागू नये, हा त्या कामाचा अर्थ मला वाटतो.

सरकारच्या पातळीवरही काहीच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झाला, आणि त्याच्या तीस आजारांच्या यादीत निखळलेला खुबा नावानिशी आहे. अंगणवाडीत पथक येतं, मुलं तपासतं. आमची मुलगी अंगणवाडीत जात नव्हती. मध्यमवर्गाने ती वाट कधीच सोडली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ मध्ये राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली, मर्यादा वर्षाला पाच लाखांवर गेली. पण ती अंगीकृत रुग्णालयांतच चालते आणि आमचे शल्यविशारद तिथे नव्हते. धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दहा टक्के सवलतीत राखून ठेवायच्या असतात. भाच्याचा पगार त्या उत्पन्नमर्यादेच्या वर. खाजगी पॉलिसी काढलेला माणूस या सगळ्यांच्या मधल्या जागेत एकटा उभा असतो. त्याच्या हातात फक्त तो करार असतो.

प्लास्टरचे आठवडे मिरजेत, उन्हाळ्यात गेले. छातीपासून पायापर्यंत बंद असलेलं पोर रात्रीतून कितीदा तरी कूस बदलून ठेवावं लागतं. लंगोट प्लास्टरच्या आत सरकवून वर दुसरा बांधावा लागतो, ओल आत गेली की कातडी सोलते. खाज सुटली की ती ओरडायची आणि आत काहीही घालून खाजवायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. वाड्यातल्या त्याच बायकांनी जुन्या गोधड्यांच्या घड्या करून तिला टेकण दिलं, पाळीपाळीने तिला ओसरीवर घेऊन बसल्या. वहिनी हरिपाठ म्हणत तिच्या टाचा तपासत, लाल झाल्यात का. श्रद्धा ही मनातली अवस्था असते असं मला पूर्वी वाटे. त्या ओसरीवर ती वेळापत्रकासारखी होती: दर तीन तासांनी कूस, सकाळ-संध्याकाळ बोटांचा रंग, रात्री एक माणूस जागं.

आणि त्याच ओसरीवर भाचा तक्रारीचे कागद लावत होता. यात वहिनींचा वाटा मोठा. ‘‘गेले पैसे गेले, पोर बरी आहे ना,’’ असं भाचा म्हणू लागला तेव्हा त्यांनीच त्याला थांबवलं. ‘‘पोर बरी आहे ती विठ्ठलाची आणि डॉक्टरांची कृपा. कंपनीने दिलेला शब्द कंपनीने पाळायचा.’’ शल्यविशारदांनी एक पानाचं पत्र दिलं: खुब्याचा सांधा स्नायूंच्या आत खोल असतो, तपासणीत तो एक्स-रेवरच दिसला, लंगडणं हा परिणाम आहे, व्यंग नव्हे. ते पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेलं. उत्तर लवकर आलं नाही तेव्हा विमा लोकपालाकडे जायची तयारी झाली. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे वाद चालतात, पुण्यातही कार्यालय आहे. ज्यांना नकार मिळाला आहे त्यांच्यापैकी किती जणांना हे ठाऊक असतं, याचा विचार करून मला अस्वस्थ व्हायला होतं. लोकपालाकडे जायची वेळ मात्र आली नाही. कंपनीने निर्णय फिरवला, बहुतेक रक्कम दिली. चूक झाल्याचं कुठे लिहिलेलं नव्हतं. पाटल्या सुटल्या.

त्यामुळे माझी मागणी मोठी नाही. जन्मजात व्यंग बाह्य की अंतर्गत हा निर्णय वैद्यकीय आहे. तो देताना त्या विषयाच्या डॉक्टरने कागद वाचलेले असावेत, आणि नकारपत्रावर त्याचं नाव, पदवी आणि कारण असावं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आलेल्या नकारावर त्याच दिवशी त्या डॉक्टरशी बोलण्याची सोय शल्यविशारदाला असावी. रुग्णालयातल्या विमा खिडकीवर लोकपालाच्या कार्यालयाचा पत्ता मराठीत लावलेला असावा. आणि पायाळू बाळ घरी पाठवताना प्रत्येक प्रसूतिगृहाने डिस्चार्ज कार्डावर सहा आठवड्यांनंतरच्या खुब्याच्या सोनोग्राफीची तारीख लिहून द्यावी. आमच्या मुलीचा खुबा आता हाडांची वाढ पुरी होईपर्यंत ठरावीक काळाने एक्स-रे काढून तपासावा लागेल. पॉलिसीचं नूतनीकरणही दरवर्षी येईल आणि भाचा ते करतो आहे. या वेळी सही करण्याआधी त्याने कंपनीला लेखी विचारलं आहे, हा सांधा तुमच्या लेखी आत आहे की बाहेर. उत्तर अजून आलेलं नाही.