वारसा आणि वहिवाट

ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली सहल मराठी पर्यटकाला आता नवी राहिलेली नाही. शिवसागरचे रंगघर आणि तलातल घर, जोरहाटकडच्या चहाबागेतल्या जुन्या साहेबी बंगल्यात मुक्काम, निमाती घाटावरून फेरीबोटीने माजुली बेट आणि तिथली दोन-तीन वैष्णव सत्रे (मठ), एवढे चार दिवसांत आटोपते. जुलै २०२४ मध्ये चराइदेवच्या मैदामांना, म्हणजे अहोम राजघराण्याच्या दफनटेकड्यांना, जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या भागाविषयीच्या चर्चेचा सूर मात्र एकच राहिला आहे : पर्यटक आले की पैसा येईल आणि पैसा आला की वारसा टिकेल. यातला ‘वारसा’ हा शब्दच मला खटकतो. ज्या राजवटीचा मुलूख १८२६ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला तिची वास्तू, आजही रोज नामप्रसंग, म्हणजे सामूहिक नामस्मरण, चालणारे सत्र आणि आजही पाने खुडली जाणारी बाग ही तिन्ही एकाच शब्दात कोंबली जातात. त्यामुळे कोणाला काय हवे, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

पैशाने वारसा टिकतो हे म्हणणे रंगघरापुरते खरे आहे. उलट्या नावेसारखे छप्पर असलेल्या त्या दुमजली प्रेक्षागृहाला ओल लागू नये, विटा ढासळू नयेत, कोणी भिंतीवर नावे कोरू नयेत, एवढे पाहावे लागते. पैशाने ते होते.

सत्राचे तसे नाही. शंकरदेव (१४४९–१५६८) आणि माधवदेव यांच्या नामधर्मातून ही संस्था उभी राहिली; माजुलीचे आउनीआटी सत्र १६५३ चे. मधोमध नामघर, म्हणजे प्रार्थनागृह, आणि भोवती ‘हाटी’, म्हणजे भकतांच्या (सत्रात राहणाऱ्या भक्तांच्या) खोल्यांच्या रांगा. उदासीन, म्हणजे ब्रह्मचारी भकतांच्या, सत्रात लहान मुलगा येतो तो एखाद्या वडीलधाऱ्या भकताच्या खोलीत वाढतो. ‘खोल’ हे तालवाद्य, गायन, नृत्य, पोथी हे सगळे त्या सहवासात शिकतो. हे चालते ते मूल देणाऱ्या कुटुंबांवर, शिष्यांच्या गावांवर आणि सत्राच्या जमिनीवर. या तिन्हींच्या मुळाशी जमीन आहे, आणि तीच नदी खाते आहे. १५ ऑगस्ट १९५० च्या ८.६ तीव्रतेच्या भूकंपानंतर नदीचे पात्र गाळाने उचलले गेले आणि काठ अधिकच तुटू लागले. एकेकाळी सुमारे साडेबाराशे चौरस किलोमीटर असलेले बेट आज त्याच्या निम्मेही उरलेले नाही. काही सत्रांना बेट सोडून मुख्य भूमीवर जावे लागले. प्रवेशशुल्काच्या पावतीत याचे उत्तर नाही.

पर्यटनवाद्यांचे ठरलेले उत्तर मुखवट्यांचे आहे. सामगुरी सत्राची कला पाहुण्यांमुळेच जगली, २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले, असे ते म्हणतात. कारागिराच्या हाती चार पैसे पडतात, हे मलाही मोलाचे वाटते. पण मुखवटा जवळून पाहावा. बांबूच्या बारीक कामट्यांची जाळी विणायची, तिच्यावर मातीत भिजवलेले कापड चढवायचे, मग माती आणि शेणाचा लेप, घासणे, रंग. भाओना नाटकात तो घालून नटाला पाहायचे, बोलायचे, नाचायचे असते. म्हणून वजन, डोळ्यांची भोके, हलणारा जबडा यांचा हिशेब. भिंतीवर टांगायच्या वीतभर मुखवट्याला यातले काहीच लागत नाही. हात तोच, कौशल्य तेच, पण ते मागणारे नाटक नाही. टिकली ती वस्तू. वहिवाट टिकली असे त्यावरून म्हणता येत नाही. पैशामुळे मुले कलेत राहतील आणि पुढे नाटकही करतील, असे कोणी म्हणेल. करतीलही; पण भाओना नामघरात होतो, आणि नामघराला गाव लागते. बाहेरच्यांनी येऊच नये, हे दुसरे टोक विचारात घेण्याजोगे नाही. सत्रे कधी बंद दाराची नव्हती.

मग चहाबागेचीही वहिवाटच नाही का, असा आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. दीडशे वर्षांहून जुनी, पिढ्यान्‌पिढ्यांची. पण वहिवाट या शब्दात वहिवाटणाऱ्याचा हक्क गृहीत असतो. छोटा नागपूर, ओडिशा आणि इतर भागांतून करारावर आणलेल्या मजुरांना तो कधीच नव्हता. पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटाशिवाय धरण्याचा अधिकार १८६५ च्या कायद्याने मळेवाल्यांना दिला होता. त्या मजुरांचे वंशज आजही बागेच्या ‘लाइनी’त, म्हणजे मजूरवस्तीत, राहतात; ते घर बागेच्या मालकीचे आणि बागेतल्या कामाशी बांधलेले राहत आले. बंगल्यात मुक्काम करणाऱ्याला झुमूर नाच दाखवला जातो, लाइन दाखवली जात नाही. त्या बंगल्याला वारसा म्हणायला माझी हरकत नाही. पण लाइनीचा त्यात उल्लेखही नसेल, तर ते जतन कोणासाठी केले, हे विचारावेच लागेल.

म्हणून माजुलीचे सत्र काठावरून उठून दुसरीकडे जाते तेव्हा नव्या जागेचा पट्टा कोणाच्या नावे होतो, शिष्यांची गावे त्याच्यासोबत वसवली जातात की चार दिशांना विखुरतात, आणि लाइनीतल्या खोलीवर तिथे जन्मलेल्याचे नाव चढते की नाही, हे मला पर्यटकांच्या आकड्यांच्या आधी कळायला हवे.