फांदीवरून परत

चित्र काढता येत नाही म्हणून भरतकामाच्या वाटेला न जाणारी माणसं मला वारंवार भेटतात. ‘हौस आहे हो, पण हात वळत नाही,’ असं म्हणतात आणि विषय सोडून देतात. त्यांना मी कसुती सुचवते. कसुतीत कापडावर काही काढायचंच नसतं. छाप नको, ट्रेसिंग नको, कार्बन पेपर नको. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि मोजल्या जागी सुई घालायची. बोटांवर मोजता येतं ना, मग कसुती येते. हे मी कुणाला धीर देण्यासाठी म्हणत नाही. या कामाची घडणच तशी आहे.

कसुती धारवाड-हुबळीकडची. तिथल्या बायकांनी ती घरात बसून, स्वयंपाकपाणी उरकल्यावर, इरकल लुगड्यांवर भरली. गोपुरं, रथ, पालख्या, तुळशीवृंदावनं, हत्ती, मोर, कमळं असं रोज नजरेसमोर असलेलं जग त्यांनी धागे मोजून कापडावर आणलं. लग्नात काळी चंद्रकळा आणि तिच्यावर कसुती, असा तिकडच्या घरांतला रिवाज होता. सोलापूर-कोल्हापूरकडे इरकल पिढ्यानपिढ्या नेसली गेली, त्यामुळे ही नक्षी आपल्याकडच्या बायकांनाही परकी नाही. आज तिला भौगोलिक मानांकन आहे, तिच्या साड्या मोठ्या दुकानांतून मिळतात. मला मात्र बोलायचं आहे ते घरच्या घरी, विकायचा विचारही न करता, दुपारच्या अर्ध्या तासात भरायच्या कसुतीविषयी.

तिचे टाके चार. गवंतीच्या रेघा, मुरगीच्या पायऱ्या, नेगीचा विणल्यासारखा दिसणारा भराव आणि मेंथीच्या फुल्या. चौघांत माझा जीव गवंतीवर.

गवंती दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत साधा धावदोरा घालत जायचं. एक टाका वर, एक खाली, एक वर, एक खाली. रेघ तुटक दिसते, निम्मी रिकामी. टोकाला पोचलं की सुई वळवायची आणि त्याच भोकांतून परत यायचं. जाताना जिथे दोरा वर होता तिथे तो आता खालून जातो, आणि जिथे खाली होता तिथे वर येतो. रिकाम्या जागा भरतात, रेघ अखंड होते आणि कापड उलटलं तर मागेही तीच अखंड रेघ. गाठ कुठेच नाही. सुरुवातीचं टोक हातभर दोऱ्यातून बोटभर मोकळं सोडायचं आणि मागाहून टाक्यांच्या पोटात ओवून टाकायचं.

दोन्ही बाजू सारख्या कशासाठी, असं विचारणाऱ्याने पदर घेतलेल्या बाईकडे बघावं. पदर खांद्यावरून वळतो, वाऱ्यानं उलटतो, कमरेला खोचला की त्याची आतली बाजू बाहेर येते. तिथे लोंबणारे दोरे आणि गाठी कशा चालतील? पूर्वी मुलीचं भरतकाम उलटं करून बघत आणि त्यावरून तिची पारख करत. रुखवतात मांडलेल्या अभ्र्यांवर आणि टेबलक्लॉथवर किती धास्ती टाचलेली असायची, हे त्या पिढीतल्या बायकाच सांगू शकतील. ती परीक्षा गेली हे फार बरं झालं. पण परीक्षेबरोबर सुईही घराबाहेर गेली, याची मला हळहळ वाटते. दोन्ही बाजूंनी नीट असलेलं काम हातात धरण्यात एक सुख आहे, आणि ते परीक्षकाच्या मालकीचं कधीच नव्हतं.

सरळ रेघेचं झालं. पण वृंदावन ही काही एक सरळ रेघ नाही. खाली चौथरा, त्यावर पायऱ्या, वर तुळशीचं रोप, रोपाला फांद्या, फांद्यांना पानं. एवढे फाटे फुटलेली आकृती, दोन्ही बाजू सारख्या ठेवून, एका दोऱ्यात भरायची कशी? नवशिक्याची सुई इथेच अडते. आमच्या शेजारी धारवाडच्या एक आजी राहत. त्यांनी मला याचं उत्तर एका वाक्यात दिलं होतं, ‘फांदीवर गेलीस ना, मग फांदीवरूनच परत ये, मधनं उडी मारू नकोस.’

म्हणजे असं. देठावरून वर जात असताना डावीकडे पहिली फांदी लागली की देठ तिथेच सोडायचा आणि फांदीवर वळायचं. टोकापर्यंत धावदोरा घालत जायचं आणि मोकळ्या जागा भरत फाट्यापर्यंत परत यायचं. ती फांदी पुरी झाली. मग देठ पुन्हा धरायचा. गंमत अशी, की देठावर पुढचा टाका वर घ्यायचा की खाली हे आठवावंही लागत नाही. फांदीवर जितके टाके जाताना पडले तितकेच येताना पडले, म्हणजे एकूण आकडा नेहमी सम. त्यामुळे देठाचा वर-खालीचा क्रम मुळीच बिघडत नाही. फांदी तीन टाक्यांची असो की तीसची, तिच्यावर आणखी चार डहाळ्या असोत, फाट्यावर परत आलं की देठाचा हिशेब होता तिथेच. एकसंध जोडलेली कोणतीही रेघांची आकृती या रीतीनं एका दोऱ्यात, दोन्हीकडून सारखी भरता येते.

हे ध्यानात आलं तेव्हा मला शाळेतल्या गणितापेक्षा जास्त आनंद झाला. क्योनिग्जबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं प्रसिद्ध आहे. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का? लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं १७३६ साली दाखवून दिलं की नाही येणार, कारण तिथल्या प्रत्येक जमिनीच्या तुकड्याला विषम संख्येनं पूल जोडलेले होते. पण प्रत्येक पूल दोनदा ओलांडायचा असा नियम असता, तर कोडं उरलंच नसतं. प्रत्येक नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या वाटांची संख्या मग आपोआप सम होते. कसुती नेमकी हीच सवलत घेते. तिची प्रत्येक रेघ दोनदा चालायची असते, एकदा वरून आणि एकदा खालून. ऑयलरचं नाव कधी कानावर न पडलेल्या बायकांनी वृंदावनं आणि गोपुरं भरताना ही गोष्ट हातांनी ओळखली होती. त्यांच्या हुशारीची नोंद कुणी केली नाही, म्हणून ती कमी ठरत नाही.

युरोपातही हा टाका होता. आठव्या हेन्रीची राणी जेन सीमोर हिचं हान्स होल्बाइननं १५३६च्या सुमारास केलेलं चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात तिच्या बाह्यांच्या टोकांवर पांढऱ्या कापडावर काळ्या रेशमाची नक्षी इतकी बारकाईनं रंगवली आहे, की बघून ती भरता यावी. त्या चित्रकाराच्या नावावरून तिकडे या टाक्याला होल्बाइन टाका म्हणतात. बाह्या भरणारीचं नाव तिथेही मागे राहिलं.

घरी सुरुवात करायची तर साहित्य थोडकं लागतं. मॅटीचं कापड हातभर, कारण त्याची भोकं डोळ्यांना स्पष्ट दिसतात. बोथट टोकाची सुई, म्हणजे ती धागा फाडत नाही, भोकातच शिरते. आणि दोऱ्याची एक लडी. बाजारातली नेहमीची लडी आठ मीटरची आणि सहा पदरी असते. त्यातले दोनच पदर वापरायचे, म्हणजे एका लडीत चोवीस मीटर दोरा होतो. तेवढ्यात रुमालांचे कोपरे भरून वर उरतो. सहा पदरांतून दोन काढताना घाईनं ओढले तर गुंता होतो, म्हणून एकेक पदर वरच्या दिशेनं सरळ ओढून वेगळा करायचा आणि मग दोन जुळवायचे. पहिल्याच खेपेला साडी घेऊ नये. साडीच्या ओझ्याखाली हौस दबून जाते. रुमाल घ्यावा, उशीचा अभ्रा घ्यावा, वापरात राहील असं काहीही घ्यावं. भरलेलं कापड काचेच्या चौकटीत लटकवायला माझा विरोध आहे. ज्याची मागची बाजू इतक्या मायेनं सांभाळली, ते भिंतीकडे तोंड करून का ठेवायचं?

हाताशी दोरा किती उरला आहे, यावर मात्र लक्ष हवं. पहिल्या फेरीत निम्मा दोरा संपला की तिथूनच वळावं. पुढे जात राहिलं आणि मधेच दोरा संपला, तर टोक लपवायला जवळ भरलेले टाकेच नसतात.

या दोन फेऱ्यांचा मनावर होणारा परिणाम वेगवेगळा असतो आणि रोज सुई हाती घेण्याचं माझं खरं कारण तेच आहे. जाताना मोजावं लागतं. चार धागे, खाली. चार धागे, वर. इथे वळण, इथे फांदी. एक धागा इकडचा तिकडे झाला तर पुढे चौथऱ्याचे कोपरे जुळत नाहीत आणि सगळं उसवावं लागतं. त्या वेळी डोक्यात दुसरं काही राहूच शकत नाही. सकाळी कुणी टाकून बोललेलं असो, उद्याचं एखादं काम छातीवर बसलेलं असो, ‘चार, खाली’ म्हणताना त्याला जागाच मिळत नाही. मन शांत करायला बसा म्हटलं की माझं मन हमखास पळतं. धागे मोजायला बसवलं की ते पळायचं विसरतं.

परतीला मोजायचं काही नसतं. भोकं आधीच ठरलेली, सुई आपसूक त्यांत उतरते. हात चालू राहतो आणि कान मोकळे होतात. या फेरीत मी घरातल्यांशी बोलते, फोनवर बहिणीची खुशाली विचारते, रेडिओ ऐकते, कधी नुसती खिडकीबाहेरची वर्दळ ऐकते. जुन्या वाड्यांतून बायका दुपारी ओसरीवर जमून भरत बसत, त्यांच्या गप्पा आणि टाके एकमेकांना कसे अडवत नसतील, ते मला या परतीच्या फेरीत कळतं. तोडलेली रेघ सांधत जाताना पालखीचा दांडा, मोराचा तुरा, पायरीची कड एकेक करून दिसायला लागते, तेही याच फेरीत. जाताना आपण काय भरतो आहोत हे आपल्याला ठाऊक असतं, पण कापडावर ते दिसत नाही. बघणाऱ्याला तर नुसते सुटे टिपके दिसतात आणि तो विचारतो, ‘हे काय चाललंय?’ त्याला उत्तर द्यायची घाई करू नये.

यंत्रावर भरलेली कसुतीही हल्ली मिळते. ज्यांना नेसायला हवी त्यांनी ती जरूर घ्यावी. पण यंत्राच्या भरतकामाचं पुढचं आणि मागचं निराळंच असतं, वरचा दोरा एक आणि खालच्या बॉबिनचा दुसरा. एकच दोरा जाऊन परत येतो, ही गोष्ट सुईनंच करावी लागते.

सध्या काळ्या कापडावर हत्ती घेतला आहे. काळ्यावर धागे मोजताना डोळ्यांना फार त्रास होतो, म्हणून मांडीवर पांढरा टॉवेल पसरून त्यावर कापड धरते, म्हणजे भोकांतून पांढरं दिसतं आणि मोजणी सोपी होते. दिवसाच्या उजेडातच बसते. सोंड, पाय, अंबारी सगळं एका रेघेत जोडलेलं आहे. अडलंय ते डोळ्यापाशी. डोळा चेहऱ्याच्या मधोमध सुटा आहे, कोणत्याच रेघेला लागून नाही, आणि तिथवर दोरा नेला तर मागून तो आडवा दिसणार. दोन वाटा सुचतात. एक म्हणजे डोळ्यापुरता निराळा दोरा घ्यायचा आणि त्याची दोन्ही टोकं त्या चारच टाक्यांत कशीबशी मुरवायची. दुसरी म्हणजे कपाळावरच्या झुलीची एक लड खाली उतरवून डोळ्याला जोडायची, मग डोळा हीच एक फांदी होईल. नमुन्यात तशी लड नाही, पण चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं काढून बघितली तर हत्तीला शोभते आहे. तीच घालणार आहे.