साबणाच्या कढईतला खडा

जेम्स मार्शल पेशानं सुतार. कॅलिफोर्नियात कोलोमा इथं, अमेरिकन नदीच्या काठी, जॉन सटर या जमीनदारासाठी तो पाण्यावर चालणारी लाकूड कापायची गिरणी उभारत होता. पाणी बाहेर जायचा चर उथळ पडला होता. दिवसा मजूर खणत, रात्री चरात पाणी सोडत, म्हणजे मोकळी झालेली माती वाहून जाई. २४ जानेवारी १८४८ च्या सकाळी मार्शल चर बघायला गेला आणि तळाशी त्याला काहीतरी पिवळं चमकताना दिसलं.

लोखंड-गंधकाचं एक खनिजही सोन्यासारखंच चमकतं, पण ठेचलं की त्याचा चुरा होतो. मार्शलनं खडा दोन दगडांमध्ये ठेचला. चपटा झाला, फुटला नाही. मजुरांना रांधून घालणाऱ्या जेनी विमरनं तर तो साबणाच्या कढईतच टाकला. त्या जळजळीत क्षारपाण्यात रात्र काढून खडा दुसऱ्या दिवशी तळाशी सापडला, अधिकच उजळलेला. या सगळ्या हकिकतीत मला ही बाईच मोठी वाटते. तिनं आधी पारखलं, मग मानलं.

सटरनं मजुरांना तोंड मिटून राहायला सांगितलं, पण त्याच्याच पोटात गोष्ट राहिली नाही. मे महिन्यात सॅम ब्रॅनन नावाचा दुकानदार सोन्याच्या भुकटीची बाटली नाचवत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांतून ओरडत फिरला. सोनं धुवायचं सामान त्यानं आधीच दुकानात भरून ठेवलं होतं.

माणसं हातातली कामं टाकून धावली. दिवसभर थंडगार पाण्यात ओणवं राहायचं, परातीत वाळू घेऊन गोल हलवायची. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, वाळू जेमतेम अडीच पट. हलकं कडेवरून वाहून जातं, जड तळ धरतं. आपले झारेकरी सोनाराच्या दुकानातली माती अशीच धुतात. शेवटी उरते चिमूटभर काळी वाळू, नशीब असेल तर तिच्यात एखादा कण.

सटरची माणसं गेली, मग गुरं चोरीला गेली. त्याच्याच जमिनीवर लोकांनी तंबू ठोकले. मार्शलच्या मागे टोळकी फिरू लागली. याला सोन्याच्या जागा ठाऊक असणारच, असं त्यांना वाटे. गिरणी ओस पडली आणि तिची लाकडं लोकांनी काढून नेली. पुढं मार्शलही सोनं शोधत राहिला. १८८५ मध्ये जवळच्याच केल्सी गावात तो कफल्लक अवस्थेत वारला.

पाच वर्षांनी कोलोमाच्या टेकडीवर त्याचा पुतळा उभारला. पुतळ्याचं बोट सोनं सापडलं त्या जागेकडे आहे. त्याची गिरणीही तिथंच होती.